वरच्या नळाचं पाणी

सूर्यभानने चतुराबाईंच्या नळाची तोटी पूर्ण उघडली. नळ खाकरला, दोन थेंब सांडून गप्प झाला.

"लाईनीत हवा असेल, मावशी," तो म्हणाला.

हवा कुठली! खाली दिलसुखनगरच्या बाजूला बूस्टर स्टेशनात पंप सकाळपासून नीट चालू होता. चालू करणारा तोच. अकरा वर्षं, एक दिवसाआड, तो या टेकडीवर पाणी चढवत आला होता. दाबाचा काटा आजही जिथे असावा तिथेच होता. पाणी चढत होतं आणि इथून तीन घरं खाली येऊन नाहीसं होत होतं. तिथे त्याचंच घर होतं.

लेक स्वप्ना बाळंतपणाला आली तेव्हा आठ दिवसांसाठी म्हणून त्याने थेट लाईनीला मोटार जोडली, वर गोणपाट टाकलं. स्वप्ना बाळ घेऊन सासरी गेली त्याला चार महिने झाले. मोटार राहिली. मागच्या उन्हाळ्यात अशाच दोन मोटारी त्याने दुसऱ्यांच्या घरातून काढून, सगळ्यांदेखत गल्लीतून उचलून नेल्या होत्या. कुंपणच शेत खात होतं, आणि त्याला ते पुरतं ठाऊक होतं.

त्याने खिशातला कागद काढला. ऑफिसात तक्रार गेली होती. उद्या साहेब यायच्या आत 'पाणी व्यवस्थित येते' यावर सही मिळाली की सुटला.

"तक्रार मी नाही केली बाबा," चतुराबाई म्हणाल्या. "बाजूच्या रोहनने केली, मोबाईलवर. मी बोलली त्याला, नक्को रे. कुठं करू सही?"

त्यांनी एकेक अक्षर जपून काढलं. मग आत जाऊन तांब्या आणला.

"उन्हात चढून आलास. घे."

"नको मावशी, तुमच्याकडेच कमी..."

"हौ, पण हे तूच पाठवलेलं की."

"मी?"

"तुझी बायको पंचफुला पाण्याच्या दिवशी दोन हंडे आणून ठेवती. म्हणती, ह्यांनीच सांगितलंय, मावशीला कमी पडू देऊ नको. लोक तुझ्याबद्दल कायबी बोलतात, मोटार हाय म्हणून. मी म्हणते, तसा नाही तो."

सूर्यभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचफुला हल्ली रोज संध्याकाळी कमरेला बाम चोळायची. घरात मोटार असताना कंबर कशाने दुखते, असं त्यानेच तिला हसून विचारलं होतं.

तांब्या त्याने खाली मान घालून रिकामा केला.

घरी पंचफुला दुसरा हंडा भरत होती. त्याने बटण बंद केलं, पाना घेतला आणि गोणपाट बाजूला करून नट सोडवायला बसला. जोड पुन्हा बसवेपर्यंत तो भिजून गेला. नळाची धार करंगळीएवढी झाली. पंचफुलाने नळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने मोटार दोन्ही हातांनी उचलली.

"गोणपाटात गुंडाळून न्या," ती हळूच म्हणाली. "लोक बघतील."

"बघू देत."

गोणपाट तिथेच टाकून तो बाहेर पडला. मोटार जमा करायची तर स्टेशन खालच्या अंगाला होतं. तो आधी वर वळला, चतुराबाईंच्या घराकडे.

पंचफुलाने कमरेवर घेतलेला हंडा खाली ठेवला.