बिनटपाची गाडी

शोरूममधल्या सेल्समनने कागद सरकवला तो माझ्या मुलापुढे. आम्ही गाडी ताब्यात घ्यायला आलो होतो. गाडी माझी, लायसन्स माझं, पण कागद त्याच्यापुढे. मी गप्प बसले. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून चौतीस वर्षं काढली की केव्हा तोंड उघडायचं ते बरोबर कळतं.

गाडी समोरच उभी होती. आखूड, दोन दारांची, गडद निळी, बटण दाबलं की छप्पर मागे घडी होऊन बसणारी. मला ती पाहताक्षणी आवडली होती. याहून मोठं कारण मला सुचत नाही, आणि सुचायची गरजही वाटत नाही.

"आई, अगं मागच्या सीटवर धड पिशवीसुद्धा मावायची नाही," मुलगा म्हणाला. "आम्ही चौघं बसायचं कुठे?"

"तुमच्या गाडीत."

मग त्याने सेल्समनकडे मोर्चा वळवला. "तुम्हीच सांगा, असल्या गाड्या घेतं कोण? विशीतली पोरंच ना?"

"विशीतले येतात फोटो काढायला, साहेब. घेऊन जातात ते साठीच्या आसपासचे. मुलं मार्गी लागलेली असतात, घरात मोठी गाडी असतेच. गेल्या महिन्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई घेऊन गेल्या. त्यांच्याही घरचे नकोच म्हणत होते."

त्या बाईंना जाऊन कडकडून भेटावंसं वाटलं मला.

मुलगा खजील व्हायचा सोडून चिडला. "लोक हसतील, आई. या वयात केस उडवत फिरणार का तू?"

"उडवायला राहिलेत किती? आहेत ते उडू देत. चौतीस वर्षं टोपीत कोंबले होते. थिएटरला खिडकी नसते रे. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते मी पेशंटला भूल द्यायच्या आधी विचारून घ्यायची. आता मला डोक्यावर काही नको."

तो खिशात पेन चाचपायला लागला. सेल्समनने घसा खाकरला.

"मॅडम, साहेबांनी काल फोन करून बुकिंग रद्द करायला सांगितलंय. हा त्याचाच कागद. तुमच्या वतीने त्यांची सही चालेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सकाळपासून मी नवी ओढणी घेऊन नटून बसले होते, ती यासाठी! मुलाने पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं.

"तुझ्या भल्यासाठीच," तो पुटपुटला.

मी कागद ओढून घेतला, उभा फाडला आणि दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

"आमच्याकडे नातेवाइकाची सही घेतात, पण पेशंट बेशुद्ध असेल तेव्हा," मी सेल्समनला म्हटलं. "मी शुद्धीवर आहे. किल्ली द्या."