आत या म्हणायचं नाही

मी दाराची साखळी बोलतेय. विलायतेत, ईलिंगमधल्या एका फ्लॅटच्या दाराला, आतल्या बाजूने, जरा तिरकीच लटकलेली. मला बसवणारा गिरीश कॉम्प्युटरवाला. स्क्रूड्रायव्हर त्याने जन्मात धरला नव्हता!

२००७ साल होतं. कंपनी बुडाली, गिरीशचा व्हिसा संपला, नवा अर्जही फेटाळला गेला. मग सॉलिसिटर नीना घरी आली. जन्म इकडचा, मराठी मोडकंतोडकं, पण पोरगी मायाळू. बायकोला, मंजिरीला, म्हणाली, "इमिग्रेशनचे ऑफिसर आले तर साखळी काढायचा नाही. वॉरंट मागायचा. तो नसेल तर तुमच्या परमिशनशिवाय त्यांना आत येता येत नाही. आत या म्हणायचा नाही. आणि पहिला फोन मला."

दुसऱ्याच दिवशी मला विकत आणलं. दोघांनाही नेलं तर सात वर्षांची मायरा मिल्टन कीन्सला अरुणामावशीकडे राहील, असं पत्र शाळेत दिलं. ते लिहिताना मंजिरी किती रडली!

मग घरात तालीम झाली. गिरीश ऑफिसर होऊन बाहेर उभा. "मॅडम, आत येऊ का?"

"या ना!" मंजिरी बोलून गेली. मायरा हसून लोळली.

"अगं बाई, तूच मला पकडून देशील!" गिरीश म्हणाला. तोही हसत होता.

नंतर मात्र मंजिरी पक्की झाली. पोस्टमनशीसुद्धा माझ्याआडून बोलायची. मला केवढा अभिमान वाटायचा!

संक्रांतीनंतरच्या शनिवारी हळदीकुंकू ठेवलं. "आज साखळी नको रे," मंजिरी म्हणाली. "बायका सारख्या येणार-जाणार. एक दिवस तरी माणसांसारखं राहू." मला काढून ठेवलं. दाराशी चपला-बुटांचा ढीग पडला.

चारच्या सुमाराला बेल वाजली. मंजिरी स्वयंपाकघरात वाट्यांमध्ये तिळगूळ भरत होती. तिथूनच ओरडली, "या, या! कम इन, इट्स ओपन!"

युनिफॉर्ममधले तिघं आत आले. चपला ओलांडून, जपून.

मंजिरीने वॉरंट मागितलं हो, पण आता काय उपयोग? "मॅडम, तुम्हीच आत बोलावलंत," त्यातला एक म्हणाला. आवाजही चढवला नाही मेल्याने. गिरीशने कोट घातला. मायराच्या हातात तिळगूळ तसाच राहिला.

नीनाने खूप धावपळ केली. तरी तीन आठवड्यांत गिरीशला नागपूरला धाडलं. या दोघींना शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत आहे.

आता मी दिवसभर लावलेली असते. अरुणामावशी आली तरी मंजिरी फटीतून बोलते, मग मुकाट्याने मला काढते. "या" हा शब्द तिच्या तोंडातून कायमचा गेला.

रोज साडेतीनला मायरा शाळेतून येते. मी निघते, दार उघडतं, तरी पोर पायपुसण्यावरच थांबते. "आई, आत येऊ?" स्वतःच्या घरात यायला विचारते हो! मंजिरी नुसती मान डोलावते.

मंजिरी, बाई, गुन्हा काही केला नाहीस तू. पाहुण्यांना बोलावलंस, एवढंच. माझं एक ऐक. लेक दारात उभी आहे. तिला तरी तोंडाने म्हण, आत ये.