पुंजाजीचा दम

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी आहे, फुटबॉलच्या पोटातली. लाथा खायला चामडे आणि वाहवा घ्यायलाही चामडेच! मला कोणी कधी पाहिलेसुद्धा नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. दिवाळी झाली की जानेफळची माणसे खामगावच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला येत आणि शिमग्याला परतत. परक्या गावात आपल्या माणसांना धरून राहावे, म्हणून त्यांनी ‘जानेफळकर फुटबॉल क्लब’ काढला. किसनराव मुकादमांनी फुटबॉल मुंबईहून मागवला. पण हवा भरायला पंप लागतो, हे कोणाला ठाऊकच नव्हते.

सगळे एकमेकांची तोंडे पाहू लागले. तेव्हा रुईची ओझी वाहणारा पुंजाजी पुढे आला. त्याने माझी नळी तोंडात धरली आणि फुंकून फुंकून मला टम्म फुगवले. मग नळी सुतळीने बांधून टाकली. पुढे दर रविवारी हे काम त्याचेच झाले. सामना जिंकला की लोक म्हणत, "गोल कोनाचाबी असो, दम पुंजाजीचा हाये!" तो मिशीतल्या मिशीत हसे. जिनात त्याला अशी शाबासकी कोणी दिली नव्हती.

जिनात दिवसभर कापसाची धूळ उडे. ती पुंजाजीच्या छातीत जाऊन बसली. हे सर्वांआधी मला कळले, कारण त्याची फुंकर आखूड झाली होती. मधेच खोकल्याची उबळ येई. शेवटी किसनरावांनी पंप आणला, तसा पुंजाजीचा चेहरा उतरला.

"माह्यात दम हाये ना, मंग पंप काऊन पायजे?"

"राहू दे बापा. तूच फुगव," किसनराव म्हणाले आणि पंप खुंटीला टांगला. त्याचे मन मोडवेना म्हणून. मित्रांनो, ती मायाच होती, पण मला तिचा आजही राग येतो.

रोहिणखेडकरांशी सामना होता, त्या सकाळी पुंजाजीने मला कसेबसे भरले, सुतळी बांधली आणि तो तिथेच खाली बसला. सामना झालाच नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची आठवण म्हणून क्लबाने फुटबॉल त्याची बायको झुंबरबाई हिला देऊ केला, आणि ती तो गावी न्यायला आली. गाठोड्यात मावावा म्हणून किसनराव हवा सोडू लागले. तिने मला पदराखाली ओढून घेतले.

"सुतळी सोडू नका हो. आत त्यायचा दम हाये."

जानेफळला तिने मला देवाजवळ ठेवले. रोज ती हात लावून पाही. मी जिवाच्या आकांताने हवा धरून ठेवली, पण रबरातून ती झिरपतच राहते. एके दिवशी तिची बोटे चामड्यात रुतली. तिने सुतळीची गाठ चाचपली, ती तशीच घट्ट होती. पुढच्या हंगामात क्लबही कोणी उभा केला नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, मी जुने रबर आहे. पण ‘माझ्यात दम आहे’ असे कोणी खोकत खोकत सांगितले, तर त्याचे मन राखायला गप्प बसू नका. मी गप्प राहिले, कारण मला बोलता येत नव्हते. किसनरावांना येत होते.