माझ्या मागच्या दोन चाकांची दिलजमाई

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. रंगाचे पोपडे निघालेत, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. पण तोरा विचाराल तर नव्या गाड्यांनी माझ्यापुढे पाणी भरावं! एकवीस वर्षं मी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत नेतो आहे.

दुखणं एकच होतं. मागचं एक चाक चिखलात घसरलं की माझी सगळी ताकद त्यालाच जायची. ते गरगर फिरायचं आणि कोरड्यातलं दुसरं ढिम्म! गेल्या महिन्यात असाच चढावर रुतलो. बाई औषधाची पेटी घेऊन पायी धावल्या, पण वासरू वाचलं नाही.

"ताई, हे धूड आता मोडीत काढ," त्यांचा भाऊ म्हणाला.

"मिस्त्रींना दाखवते. मग बघू."

मिस्त्रींनी मला जॅकवर चढवून मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल उघडलं. "धूड कसलं? कामचुकार चाकाला लाडावून ठेवलंय नुसतं!" बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी डावीवर एक, उजवीवर दोन ठिपके ठोकले आणि आत दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा, आपोआप लागणारा लॉकर बसवला. आता ओढायचं तर दोन्ही चाकांनी मिळून!

पण मिस्त्रींना शेजारी बसवून निघालो, तर गल्लीच्या पहिल्याच वळणावर मागून आवाज आला, कट, कट, कट! माझी पाचावर धारण बसली. बाईंनी करकचून ब्रेक दाबला.

"अहो मिस्त्री, मोडलं की!"

"काही मोडलं नाही, बाई. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. लॉकर त्याला तेवढ्यापुरतं मोकळं सोडतो, त्याची ही कटकट. आमच्या घरी तर बिनवळणाचीही चालते!"

बाई हसतात तोच फोन वाजला. त्याच चढावरच्या गोठ्यात गाय अडली होती.

तोच चिखल. डावं चाक घसरलं... आणि उजव्यानं जमीन धरली! धापा टाकत, धूर सोडत मी वर पोहोचलो. तासाभरानं ओलं वासरू चार लटपटत्या पायांवर उभं राहिलं. बाई बाहेर आल्या आणि माझ्या गरम बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "पोचलो रे बाबा वेळेवर!"

मित्रांनो, मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे ठेवा, तेल वेळच्या वेळी बदला. आणि एखादं जुनं यंत्र अडून बसलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी जरा वाकून खाली बघा. आम्हाला यायचंच असतं हो. फक्त येता येत नसतं.