दुर्पताबाईची सहाण

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी नाल्यात पडलेला दगड घासून दुर्पताबाईच्या सासऱ्यांनी मला घडवलं. पावसाळ्यात गावाचे डोळे आले की आमच्या अंगणात रांग लागायची. दुर्पताबाई माझ्यावर हिरडा उगाळून पापण्यांना लावायची. आठवड्याभरात डोळे निवळायचे आणि माणसं चक्क माझ्या पाया पडायची. मी चांगलीच फुशारले होते.

एकदा आमगावच्या शाळेतले उमेंद्र सर आले. म्हणाले, "बाई, हिरड्याच्या अर्कानं प्रयोगशाळेत काही जंतू मरतात. पण माणसाच्या डोळ्यावर त्याची पुरती तपासणी झालेली नाही. आलेले डोळे तर बहुतेकदा आपोआपच बरे होतात."

मला भारी राग आला. दुर्पताबाईला मात्र शेजारचा भोजराज आठवला. मागे मळणीत त्याच्या डोळ्याला धानाचं कुसळ लागलं, तेव्हा आम्ही चार दिवस डोळ्याला लेपच लावत बसलो होतो. डोळ्यात फूल पडलं आणि दृष्टी कायमची गेली. गावानं नशिबाला दोष दिला.

यंदा मळणीत दुर्पताबाईच्या सुनेला, रुख्माला, तसंच कुसळ लागलं. डोळा लालभडक झाला, उघडवेना. मुलगा पतिराम हिरडा घेऊन धावत आला.

"उगाळ ना माय, काऊन बसून राहिली?"

दुर्पताबाईनं मला पालथं घातलं. "हे डोळे येणं नाही, जखम हाय. गोंदियाले ने तिले."

"गावाले औषध देतेस, अन् घरच्या सुनेले नाही?"

आवाज ऐकून शेजारी जमले होते. त्यांत भोजराजही होता. त्याच्याकडे पाहत ती म्हणाली, "याचा डोळा माह्या हातानं गेला."

शरमेनं मला मातीत गडप व्हावंसं वाटलं.

भोजराज पुढे आला. "माले मालूम हाय, बाई. ते मंग बोलू. मी ऑटो आणतो."

दवाखान्यात जखमेत बुरशी सापडली. महिनाभराहून जास्त थेंब घालावे लागले, पण डोळा वाचला. आता रुख्मा तांदळातले बारीक खडेही वेचते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. तुमच्या डोळ्याला काही लागलं, तर माझ्या दारावरून थेट दवाखान्यात जा. त्या दिवशी तुम्ही मला साफ विसरलात, तर माझ्याइतकं सुखी कोणी नसेल.