चार हातांची काच

पाच फूट बाय चार फुटांची काच एकट्याने उचलायची नसते, आणि एकदा उचलली की बोलायचं नसतं. 'उचल', 'वळ', 'पायरी', 'ठेव' एवढे चार शब्द पुरतात. खिडक्यांना काचा बसवणाऱ्या उस्तादांनी हा नियम तीस वर्षं पाळला. मोडला तो त्यांच्या जोडीदाराने, तोही एकदाच.

जोडीदाराला सगळे सावकाश्या म्हणत, कारण जिन्यात पायरीगणिक त्याचं "सावकाश, उस्ताद, सावकाश" चालायचं; तेवढा पाचवा शब्द उस्ताद त्याला चालवून घेत. नऊ वर्षांपूर्वी अशीच एक काच दोघांच्या हातात असताना तो म्हणाला होता, "उस्ताद, माझ्या घरी तो गणिताचा मास्तर राहतो ना, तो भाडेकरू नाही. माझा माणूस आहे."

उस्तादांचे दोन्ही हात अडकलेले. कान झाकता येईनात, की पळ काढता येईना. काच खाली टेकल्यावर ते कडाडले, "हे सांगायला हीच वेळ सापडली?"

"हात मोकळे असते तर तुम्ही निघून गेला असता."

खरंच गेले असते. पुढे महिनाभर ते चार शब्दांपलीकडे बोलले नाहीत, डबासुद्धा पाठ करून खाल्ला. पण काच उचलण्याआधी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची त्यांची सवय, आणि डोळे उघडले की समोर हाच उभा. ज्याच्या भरवशावर जिना चढायचा त्याचा तिटकारा माणूस किती दिवस करणार? पुढे उस्तादांची बायको अडीच महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा रोज दारात येणारा गरम डबा मास्तरच्या हातचा होता. राग केव्हा विरघळला, कळलंसुद्धा नाही.

आता ठिणगी पडली होती ती उस्तादांच्या धाकट्या भावाच्या घरी. लेकीची आई वारल्यापासून तिथे बाप-लेक दोघंच. लेकीने आठवड्यापूर्वी सांगितलं, मैत्रीण आहे, तिच्याबरोबरच जन्म काढणार. बापाने हाताला लागली ती पितळी फुलदाणी भिरकावली. ती लेकीला लागली नाही, खिडकीला लागली. "पुन्हा या घरात पाय टाकायचा नाही!" पोरगी तशीच मोठ्या काकांकडे आली. तेव्हापासून ती जेवायला बसायची आणि ताटातल्या अन्नाकडे बघत राहायची.

मग धाकट्याचा फोन आला. "दादा, वारा आत येतोय. काच बसवून दे."

"आणि पोरीचं काय?"

"काचेचं बोल."

उस्तादांनी सावकाश्याला सगळं सांगितलं. "तुला यायचं नसेल तर दुसरा माणूस बघतो."

"नवा माणूस त्या जिन्यात घाबरेल, उस्ताद."

तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. धाकटा काच बघायला खाली आला, तसं उस्तादांनी आपलं मनगट धरलं. "आई गं! धाकट्या, आज तूच एक बाजू धर."

"काल तर तुम्ही..." सावकाश्या बोलायला गेला.

"काल काल होतं!"

धाकट्याने हातमोजे चढवले. वर सावकाश्या, खाली तो, पुढे उस्ताद. "सावकाश, काका. पायरी. सावकाश." दुसऱ्या मजल्यापर्यंत धाकटा घामाघूम झाला, पण काच कुठे टेकली नाही. जिन्याच्या वळणावरच्या सपाट जागेत ती उभी करून दोघांनी दोन्हीकडून धरली.

"हात पक्का आहे रे तुझा," धाकटा म्हणाला. "बायको-मुलं?"

सावकाश्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी मान खाली घातली. सांगायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवायचं होतं.

"घरी माझा माणूस आहे, काका. मास्तर. तेरा वर्षं झाली."

धाकट्याची बोटं काचेवर घट्ट झाली. सोडायची सोय नव्हती. काचेपलीकडे चेहरा तोच होता, दोन मजले त्याला सांभाळून आणलेला. त्याने विचारलं, "तुझ्या वडिलांनी काय केलं?"

"काही फोडलं नाही. दार लावून घेतलं. अजून लावलेलंच आहे." सावकाश्या जरासा हसला. "काच परवडते, काका. ती बसवता येते. उचलू?"

"उचल."

उरलेला मजला नेहमीच्या चार शब्दांवर पार पडला. वर उस्तादांनी चौकट खरवडली, काच बसवली आणि बारीक खिळे ठकाठक ठोकले.

"मनगट बरं झालं वाटतं," धाकटा म्हणाला.

"देवाची कृपा!"

शेवटी नव्या काचेवर, कुणी धडकू नये म्हणून, सावकाश्याने खडूची फुली मारली. धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

"पोरीने जाताना फुटकी खिडकी पाहिलीय," तो हळूच म्हणाला. "आल्या आल्या, काच नाहीच असं समजून, डोकं बाहेर काढायला जाईल. धांदरट आहे ती. दादा, जेवते का रे ती?"

"तू बोलावलंस तर इथे जेवेल."

"संध्याकाळी पाठव." तो दारापर्यंत गेला, परत आला, उगाच खडू हातात घेतला. "ती... ती दुसरी पण येईल?"

"विचारतो."

"उंच आहे का?"

"का रे?"

"अरे, फुली नको का दिसायला तिला?" धाकटा चिडूनच म्हणाला.

उस्तादांनी आपल्या कानाशी हात नेला. "एवढी असेल."

धाकट्याने टाचा उंचावल्या आणि पहिल्या फुलीच्या वर दुसरी फुली मारली.

"सावकाश, काका," मागून आवाज आला.