पहिली ओळ

वृद्धाश्रमाला आग लागली तेव्हा सगळे रहिवासी जिवंत बाहेर पडले, असं अग्निशमन दलाचं म्हणणं होतं. यादीचं म्हणणं वेगळं होतं. तिच्यात चार जण नव्हते, आणि त्यांच्यासाठी ढिगारा उपसणं चालू होतं.

रहिवाशांना चार इमारतींत हलवलं होतं. यादी दाखवणारा प्रोग्राम एका बाईने एकटीने, घाईघाईत लिहिला होता. डेटाबेसमधून एकेका इमारतीची माणसं मागवायची आणि अ‍ॅरेत अ‍ॅरे, म्हणजे डब्यात डबा, अशी रचायची: इमारत, तिच्यात खोली, खोलीत माणसं. यादीत नाव नसेल तर नातेवाइकांना इमारतीच्या दारातूनच परत पाठवत.

चौघांपैकी एकाची थोरली लेक सकाळपासून त्या प्रोग्रामर बाईच्या टेबलाशी बसून होती. अर्धांगवायूनंतर वडिलांची वाचा गेली होती. ते स्वतःचं नाव सांगू शकणार नव्हते. ढिगाऱ्यावरच्या माणसांनी तिला त्यांच्या अंगावरच्या खुणा विचारल्या होत्या.

"कोपरावरचा व्रण सांगितला," ती म्हणाली. "आणखी काय सांगू? ब्याण्णव वर्षांचे. ऐंशीचे म्हातारेसुद्धा त्यांना आजोबा म्हणायचे."

प्रोग्रामरचा हात थांबला. तिची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, वयाने मोठ्या माणसापासून सुरू होत होती. इतका वेळ ती अ‍ॅरेच तपासत बसली होती. आता तिने थेट डेटाबेस उघडला. चौघेही तिथे होते. प्रत्येक जण आपल्या इमारतीत सर्वांत वयस्कर.

इमारतीत कोणी आहे का, हे पाहायला तिने आधी एक ओळ, म्हणजे एका माणसाची नोंद, उचलली होती आणि मग उरलेल्या ओळी अ‍ॅरेत भरल्या होत्या. उचललेली ओळ अ‍ॅरेबाहेरच राहिली. दार वाजवावं, आणि ज्याने उघडलं त्यालाच मोजायचं विसरावं, तसं झालं होतं.

तिने दुरुस्ती केली. तिसरी इमारत, खोली एक. लेकीने नाव दोनदा वाचलं.

"आहेत ना?"

"सकाळी दूध घेतल्याची नोंद आहे, ताई."

"दूध? माझ्या हातून तर कधी घेतलं नाही." तिने पदराने तोंड पुसून विचारलं, चूक कुणाची.

"माझी."

"मग त्या तिघांच्या घरी तुम्हीच सांगा."

दोन घरी फोन लागला. तिसऱ्या घरी कुणी उचलला नाही. त्या घरची माणसं ढिगाऱ्यापाशी होती. प्रोग्रामरने चपला घातल्या आणि ती तिकडे निघाली.